पाण्याखालचा बांध

गुरुजी, टेबलावर आपटणाऱ्या डस्टरचा आवाज अजून माझ्या कानात आहे. लगागा, लगागा, लगागा, लगागा. लघूला बोटाचं नुसतं टोक, गुरूला डस्टर, आणि ओळ संपेपर्यंत खडूची भुकटी पहिल्या बाकावरच्या पोरांच्या केसांत. पत्र्याच्या वर्गात मार्चचं ऊन तापलेलं असायचं, बाहेर शिपाई माठात पाणी ओतत असायचा, आणि तुम्ही भुजंगप्रयात नुसता शिकवत नव्हतात, तो साप खरोखरच वर्गात सोडत होतात. तुम्हाला जाऊनही आता जमाना झाला. वृत्तात लिहिणारं कुणी भेटत नाही, आणि भेटलंच तर तो माझ्यासारखा पेन्शनर असतो. पण मी सायकलवर बसलो की पाय आपोआप तुमच्या चालीत पडतात. सपाटीला भुजंगप्रयात. चढ लागला की मंदाक्रांता: पहिले चार गुरू छाती फोडणारे, मग पाच लघू, उतारावर मोकळे सोडलेले. या उन्हाळ्यात मी असा वृत्तं मोजत नाथसागराच्या काठाकाठानं सायकलवर हिंडून आलो. एकटा. कॅरिअरला तंबू बांधून. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "कवीराज, गुडघे तुमचे की उसने आणलेत?"

निमित्त पेपरातल्या बातमीचं झालं. दुष्काळी साल, धरणाचा साठा तळाला गेला, आता मृतसाठ्यातून उपसा करावा लागणार, असं काहीसं छापून आलं होतं. आमच्या कॉलनीत त्या बातमीनं लोकांचे चेहरे पडले, कारण आमचे नळ त्याच पाण्यावर चालतात आणि एरवीही ते मनाला येईल तेव्हाच येतात. मी मात्र चहाचा कप हातात धरून एकच विचार करत होतो, की म्हणजे गुरुजींचं बुडालेलं रान वर आलं असेल. मुलगा पुण्याहून फोनवर ओरडला, "बाबा, ह्या वयात तंबूत झोपणार? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील ते मला वाटेत कळलंच. पण मला तुमचं रान एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, आणि पुढचा दुष्काळ माझ्या नशिबात असेल की नाही कोण सांगणार.

तुम्ही गेलात तेव्हा शहर जिथं संपायचं तिथं आता ते नीट सुरूही होत नाही. पैठणच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी फलक. स्वप्नातलं घर, निसर्गाच्या कुशीत, तलावाच्या साक्षीनं. तलाव तिथून अर्ध्या दिवसाच्या रपेटीवर, आणि साक्ष द्यायला त्याच्यात पाणी नाही. ज्यानं हे लिहिलं त्याला तुमच्या वर्गात अंगठे धरून उभं केलं असतंत. बिडकीनच्या आसपास कारखान्यांसाठी सपाट केलेली माळरानं, त्यावर नुसतेच रुंद रस्ते आणि दिव्यांचे खांब, माणूस एक नाही. चहाला थांबलो तर टपरीवाल्यानं माझ्याकडं आणि सायकलीकडं आळीपाळीनं पाहिलं. "क्या चाचा, घरवालों ने निकाल दिया क्या?" म्हटलं, नाही, हौसेनं चाललोय. तो शेजारच्याला म्हणाला, "हौ, पगार मिलता होगा कुछ तो." चहाचा कागदी कप कुठं टाकू म्हणून विचारलं, तर त्यानं हात लांब करून समोरचा सगळा माळच दाखवला. खरंच, आधीचे सगळे कप तिथंच होते.

धरणाच्या भिंतीवर सायकल टेकवून पाहिलं. तुम्हाला आठवत असेल, पहिल्यांदा भरलं तेव्हा आपल्या शाळेची सहल नेली होती, आणि पलीकडचा काठ दिसत नाही म्हणून आम्ही पोरं टाळ्या पिटत होतो. आता पलीकडचा काठ तर दिसतच होता, अलीकडचाही काठ पाण्याला सोडून कुठल्या कुठं वर राहिला होता. भेगाळलेला गाळ, त्यात रुतलेली एक रंगीत मोटारबोट, आणि तिच्यावर चढून फोटो काढणारी माणसं. भेगांच्या ऐन मध्यात एक नवरानवरी. लग्नाआधीचं चित्रीकरण म्हणे. तिच्या डोक्यावर भाड्यानं आणलेली पितळी कळशी, तो फेटा बांधून आभाळाकडं बघतो आहे, आणि कॅमेऱ्यावाला ओरडतो आहे, "सर, जरा तहानल्यासारखं बघा ना!" मागं गाडीत थंड पाण्याच्या बाटल्यांचा खोका. मला इतकी शिसारी आली की मी तोंड फिरवलं, तर तिकडून दोन पोरं मोबाइल रोखून आली. "आजोबा, एक बाइट द्या ना. दुष्काळावर दोन शब्द." मी म्हटलं, "एकच देतो. शरम." त्यांना ते लई आवडलं. पुन्हा एकदा म्हणा, जरा कॅमेऱ्यात बघून म्हणा, म्हणत मागंच लागली.

पहिला मुक्काम तिथून पुढं, बॅकवॉटरच्या काठावर एका बाभळीच्या आडोशाला केला. आमच्या पाठ्यपुस्तकातल्या तळ्यांत कमळं असायची, काठाला हंस असायचे, आणि संध्याकाळ नेहमी सोनेरी. मी आयुष्यभर त्याच तळ्याच्या शोधात निघाल्यासारखा निघतो, ही माझी खोडच. हंस नव्हते. लांब चिखलात रोहित पक्ष्यांची एक ओळ होती, तेवढं पुस्तकातल्यासारखं. बाकी काठानं मेलेले मासे पांढरी पोटं वर करून पडलेले, पार्ट्यांच्या पत्रावळी आणि फुटक्या बाटल्या, आणि सगळ्यावर तो वास, सडक्या गवताचा आणि सांडपाण्याचा. शहरातून येणारं काय काय या पाण्यात उतरतं आणि तेच पुन्हा पाइपातून आमच्या घरी चढतं, हे ठाऊक होतं, पण नाकाला ठाऊक नव्हतं. स्टोव्हवर खिचडी केली ती दोन घासांवर गेली नाही. सकाळी तंबूची चेन उघडली, तर समोरच गावातला एक गृहस्थ डबा घेऊन बसलेला. उठायचं तर सोडाच, त्यानंच मला विचारलं, "कोन गाव, पाव्हणं?" मी चेन पुन्हा लावून घेतली.

त्या बंद तंबूत बसल्या बसल्या मला तुमचा तो रागावण्याचा दिवस आठवला. खरं तर तुम्ही रागावला नव्हतात, तेच तर वाईट होतं. मी दहावीत होतो. सहलीहून आल्यावर नाथसागरावर कविता केली होती, चार कडव्यांची, अस्सल भुजंगप्रयातात, आणि सगळ्या वर्गासमोर वाचायची म्हणून तुमच्या टेबलावर आणून ठेवली होती. नीलमण्यासारखं पाणी, धरणीनं ल्यालेला दागिना, अशा उपमा. तुम्ही वाचलीत. डस्टर उचललं नाहीत. कागद उलटा ठेवून म्हणालात, "वृत्त बिनचूक आहे. या पाण्याखाली काय आहे, ते कुणाला विचारलंस का रे?" मी म्हटलं, "गाळ असेल, गुरुजी." वर्ग हसला. तुम्ही व्हरांड्यात जाऊन उभे राहिलात आणि तास संपेपर्यंत आत आला नाहीत. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी, रान म्हणजे आमच्या लेखी आगगाडीच्या खिडकीतून दिसणारी गोष्ट. तुमचं गाव त्याच वर्षी पाण्याखाली गेलं होतं, हे मला शिपायानं नंतर सांगितलं. तुम्ही कधीच सांगितलं नाहीत.

मग बरीच वर्षं गेली. मी बँकेत लागलो, आणि एका दुष्काळात तुमच्या घरी आलो होतो ते स्वयंपाकघर मला आत्ताही दिसतं आहे. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. चुलीपाशी काकू भाकरी थापताहेत, ज्वारीच्या पिठाचा हात कपाळाला लागून तिथं पांढरा पट्टा उमटला आहे, आणि कोपऱ्यात टँकरच्या पाण्याचं पिंप, त्यावर कपडा बांधलेला. रेडिओवर बातम्या लागतात. धरणाची पातळी खाली गेली, शहराला पाणीकपात. तुम्ही मांडी थोपटता. अगदी सामना जिंकल्यासारखी. काकू भाकरी तव्यावर टाकत म्हणतात, "बघा ओ, सगळं शहर पाण्यापायी रडायलंय, अन् ह्यांच्या तोंडावर दिवाळी." तुम्ही ठेच्याचं बोट चाटून म्हणता, "शहराला तहान लागली म्हणून ते रडतंय. माझं रान वर आलं म्हणून मी हसतोय. दोन्ही खरं आहे." आणि माझ्याकडं वळून, "कवीराज, रविवारी मोकळे आहात का? तुमच्या नीलमण्याखाली काय आहे ते दाखवतो."

त्या वेळी मला तुमची किळस आली होती, गुरुजी. हे आज लिहितो आहे. अख्ख्या शहराच्या घशाला कोरड, आणि माझे कवितेचे गुरुजी पाऊस पडू नये म्हणून आभाळाकडं बघणार! पण रविवारी मी आलो. आपण दोघं सायकलींवर, तुमच्या कॅरिअरला हरभऱ्याच्या बियाण्याची पिशवी. गाळपेर म्हणजे काय ते मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. पाणी हटलं की खालची जमीन उघडी पडते, आणि ज्यांची ती पूर्वी होती त्यांना तेवढ्या हंगामापुरती पेरू देतात. आणि तुम्ही सगळे, कुणी शिक्षक, कुणी वॉचमन, कुणी बाजारात हमाल, त्या ओल्या काळ्या गाळावर उतरून आपापलं रान बरोब्बर शोधत होता. ना झाड, ना खूण, ना बांध. तरी कुणी कुणाच्या रानात पाय टाकत नव्हतं. तुमची खूण म्हणजे विहीर. काळ्या घडीव दगडाचा काठ, त्यावर पोहऱ्याच्या दोरीनं पडलेल्या खाचा. तुमचं रान थोडं उंचावर, म्हणून तुमची विहीर पाण्यातून आधी डोकं काढायची. "आधी निघते ती आपली," असं तुम्ही मला दाखवलंत आणि पुढं आपल्या मुलालाही तेच सांगितलंत. तिच्या खालच्या अंगाला, थोड्या अंतरावर, शेजाऱ्याची विहीर. तिला मोटेची धाव होती. मोट ओढणारे बैल ज्या उतरंडीवरून मागंपुढं चालायचे ती धाव, दगडमातीची, इतकी वर्षं पाण्यात राहूनही पुरती वाहून न गेलेली.

आणि त्या शेजाऱ्याशी तुमचं भांडण! बांध पाण्याखाली गेला, वाहून गेला, त्याच्या जागी हातभर गाळ बसला, तरी तुमचं भांडण कोरडंच. तुम्ही मुठीनं हरभरा फोकत फोकत खालच्या अंगाला सरकलात तसा पलीकडून तो म्हातारा धोतर खोचून ओरडला, "ओ मास्तर! बांध हितं व्हता, हितं! एक तास आत आलाव तुमी!" तुम्ही म्हणालात, "आबा, तुझ्या बापानं कोरला तो बांध. मी मूळचा बांध धरून चाललोय." तो म्हणाला, "मूळचा बांध मासे घेऊन गेले, त्यास्नी इचारा!" आणि मग दोघंही, एक नांगराचं तास एवढ्या जागेवरून, जिच्यावर पावसाळ्यात पुन्हा पाणी चढणार होतं तिच्यावरून, दिवस कलेपर्यंत भांडलात. निघताना तुम्ही मला ओंजळभर हरभरा दिलात, बियाण्यातला उरलेला. आणि एवढंच म्हणालात, "आता लिही." मी काही लिहिलं नाही. काय लिहिणार होतो?

तर या खेपेला मी तिकडंच चाललो होतो. तुमच्या गावाच्या आधी काठावर एक रिसॉर्ट लागतं. तलावाकडं तोंड करून बांधलेलं, आणि तलाव उठून गेल्यामुळं चिखलाकडं तोंड करून बसलेलं. आत हिरवळीवर फवारे चालू होते. बाहेर रस्त्यावर बायका टँकरची वाट पाहत घागरी मांडून बसल्या होत्या, आणि आत फवारे. फाटकाच्या दोन्ही बाजूंना काळ्या घडीव दगडांचे खांब, त्यांच्यावर खालून सोडलेले दिवे. मी सायकल टेकवून हात लावून पाहिला. दगडांना खाचा होत्या, आडव्या, गुळगुळीत, बोट बसेल एवढ्या. राखणदार आला. "हात नका लावू बाबा, अँटिक पीस हाय तो." मला तेव्हा नीट उमगलं नाही, मी हात काढून घेतला.

उतार उतरून पाण्याकडं गेलो तर लांबून टरबुजांचे वेल दिसले. काळ्या गाळावर हिरवी नक्षी. एक पन्नाशीपुढची बाई वेलांखाली वाळकं गवत सारत होती. जवळच विहिरीचा काठ वर आलेला. मी सायकल ढकलत गेलो तशी तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "कोन हो? टरबुजं अजून कच्ची हायत, ऱ्हाऊ द्या." मी गावाचं नाव सांगून विचारलं, इथं गुरुजींचं रान कुठं. तिनं पदर सावरला. "म्या त्यांची थोरली सून. हेच की मामंजींचं रान." मग बोलता बोलता सगळं निघालं. तुमचा मुलगा वारल्यावर ती शहरातलं घर सोडून माहेरच्या आधारानं काठावरच्या नव्या गावठाणात राहायला आली. नवऱ्यानं तिला इकडं कधी आणलं नव्हतं, नुसतं सांगून ठेवलं होतं, जी विहीर आधी डोकं काढती ती आपली. ती दर दुष्काळात त्या विहिरीपाशी येते. तिनं माझ्यासाठी कपड्यात गुंडाळलेली भाकरी सोडली आणि वर एक टरबूज फोडलं, तेवढ्यातल्या त्यात पिकलेलं. मी खायला बसलो, आणि बसल्या जागेवरून मला विहिरीच्या पलीकडं दगडमातीची एक उतरंड दिसली. धाव.

घास तोंडातच राहिला. ही तुमची विहीर नव्हती, गुरुजी. ही शेजाऱ्याची. मी उठून वरच्या अंगाला पाहिलं. तिथं, चढाच्या पलीकडं, पोकलेनचा हात वरखाली होत होता आणि टिप्पर ओळीनं उभे होते. मी तिला विचारलं, वर काय चाललंय? "गाळ खणायलेत. तीन सालं झाली. पयले तिथं बी एक हीर व्हती म्हणत्यात, तिचा दगड त्या हॉटेलवाल्यानं नेला, मग ती बुजली. आता समदं खणून टाकलं. हौद करून ठिवला नुस्ता." म्हणजे जी आधी डोकं काढायची तिचं डोकंच कापून नेलं होतं. खांब करून, खालून दिवे सोडून. आणि त्यानंतर जी आधी निघू लागली ती शेजाऱ्याची, म्हणून ही बाई सरळ मनानं शेजाऱ्याच्या रानात पेरत आली. मी चढ चढून वर गेलो. तुमचं रान म्हणजे माणूसभर खोल खड्डा, तळाला पिवळा मुरूम, कडेला गुटख्याच्या पुड्या. ड्रायव्हर पोरगा टिप्परच्या सावलीत गाणी ऐकत होता. आमच्या कॉलनीचं नाव सांगून विचारलं, माती कुठं जाते? "शहरात. बंगल्यायला, गार्डनला. लई डिमांड हाय काका, अशी माती भेटत नाय." मला ठाऊक होतं. मागच्याच महिन्यात आमच्या कॉलनीच्या बागेत दोन टिप्पर काळी माती पडली होती, आणि ती वाफ्यांत पसरताना काय माती आहे, काय माती आहे, असं सगळ्यात जास्त वेळा मीच म्हणालो होतो.

खाली आलो तर तुमची सून वाट बघत उभी होती. तिला जे मागायचं होतं ते तिनं सरळ मागितलं. पोकलेन खाली खाली सरकतो आहे. कायदा असा, की मूळ मालकाच्या घरच्यांची गाळपेर चालू असेल तिथं खणता येत नाही. पण हे रान तिचंच आहे असं सांगायला कुणी नाही. जुनी माणसं गेली, आणि गावात कुणी तोंड उघडत नाही, कारण टिप्पर गावातल्याच पोरांचे. पाटबंधारे खात्याचे साहेब पाहणीला येणार होते. "भाऊ, तुमी मामंजींसंगं हितं पेरलंय ना? मग तुमी सायबाला तेवढं सांगा. तुमच्यासारख्या शहरातल्या मानसाचं ते ऐकत्यात. टरबुजं निघाली तर लेकीचं कॉलेज निघतं माझ्या. नायतर ह्या बी रानाचा हौदच हाय." आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "हेच ना हो रान?"

मी म्हटलं, "हो. हेच."

तिथून कायगावचा पूल आणि नगर रस्त्यानं घरी आलो ती वाट कशी संपली आठवत नाही. पाय चालत होते पण वृत्त एकही लागत नव्हतं. वाळूजच्या धुरात उभा राहून मी जगाला शिव्या दिल्या. त्या नवरानवरीला, त्या फवाऱ्यांना, त्या अँटिक पीसला. सगळे खोटं बोलून जगताहेत, तहानेचंसुद्धा नाटक करताहेत, असं मनात म्हणत होतो, आणि मध्येच आपण काय बोलून आलो ते आठवायचं. उद्या ती पाहणी आहे. सकाळी मला तिथं उभं राहायचं आहे आणि साहेबासमोर तुमचं नाव घेऊन जबाब लिहून द्यायचा आहे की ही विहीर गुरुजींची. एक लघू चुकला तर तुम्ही अख्ख्या ओळीवर काट मारायचात. इथं तर अख्खी ओळच दुसऱ्याची आहे. त्या दुसऱ्याची, ज्याला तुम्ही उभ्या जन्मात एक तास सोडलं नाहीत. खरं सांगितलं तर तुमची सून उठते, आणि खड्डा खाली सरकतो. खोटं सांगितलं तर तुमच्या नावानं, तुमच्या शेजाऱ्याचं रान लाटलं जातं. शेजारी तर तुमच्याही आधी गेला, त्याचा मुलगा कुठंतरी कंपनीत होता म्हणतात, इकडं कुणी येत नाही. म्हणून मी हे तुम्हाला लिहायला बसलो. उत्तर येणार नाही आणि हे पाकिटात जाणार नाही, ते मला माहीत आहे. पण वही तपासायला तुमच्याशिवाय कुणाकडं द्यायची मला सवय नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. मघापासून मी असं लिहितो आहे की जणू तिच्या टरबुजांची कणव येऊन मी "हेच" म्हणालो. तसं नव्हतं. ती कोण, तिची लेक काय शिकते, हे माझ्या डोक्यात त्या क्षणी नव्हतंच. मला फक्त तुमचं रान म्हणजे तो खड्डा, हे मोठ्यानं म्हणायचं नव्हतं. हिरवं काही दिसलं, आणि मी त्याला तुमचं म्हणून टाकलं. दहावीत केली तीच कविता पुन्हा केली.

दार वाजतं आहे. दुपारची वेळ, या वेळी आमच्याकडं कुणी येत नाही. उघडून येतो.

गुरुजी, पाहुणा पाणी पितो आहे तेवढ्यात लिहितो. दारात एक माझ्याच वयाचा माणूस उभा होता. अंगात कंपनीचा जुना निळा शर्ट, हातात हेल्मेट, मिशा धुळीनं पांढऱ्या. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, पण ओरडून बोलायची ती ढब मी ओळखली. "सायकलवालं बँकेतलं सायब तुमीच ना? गेटवर लगेच सांगितलं. म्या आबाचा पोरगा. मास्तरांच्या बांधावरचा." तो चपला काढून आत आला, न विचारता खुर्चीवर बसला. "गावातल्या टिप्परवाल्या पोरानं फोन केला मला, तुमच्या कॉलनीचं नाव बी त्यानंच दिलं. मास्तरांनी आमच्या आबाला उभ्या जन्मात एक तास सोडलं नाय. अन् तुमी आमचं समदं रानच त्यांच्या सुनंला दिऊन बसलाव व्हय?" मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यानं हात वर केला. "आधी पाणी द्या. मंग जबाबाला येक कागद घ्या हिकडं. उद्या म्या बी येनार हाय जबाब द्यायला. आधी दोघं बसून बांध कुठनं धरायचा ते ठरवू. सायबाम्होरं तुमचं येक अन् माझं येक नको."